सद्गुण कसे घडतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नीतीविषयी बोलणं निघालं की आपल्याकडे दोनच गोष्टी पुढे येतात: शाळेच्या फळ्यावरचा सुविचार किंवा कायद्याचं कलम. माणूस चांगला घडतो कसा, हे दोन्हींतून कळत नाही. या प्रश्नाचा ॲरिस्टॉटलइतका चिवट पाठपुरावा फार थोड्यांनी केला, म्हणून इथे मुख्यतः त्याचं बोट धरलं आहे. जिथे त्याचं पटत नाही तिथे ते सोडलंही आहे.

ॲरिस्टॉटलच का? तेवीसशे वर्षांपूर्वीच्या ग्रीक माणसाचं आपल्याला काय?

त्याचा जन्म इ. स. पू. ३८४ चा, उत्तर ग्रीसमधल्या स्टॅगिरा गावचा. वडील मॅसिडोनियाच्या राजाचे वैद्य. अथेन्सला प्लेटोच्या अकादमीत त्याने वीसेक वर्षं काढली आणि पुढे इ. स. पू. ३३५ च्या सुमारास लायसियम ही स्वतःची शाळा काढली. ‘निकोमाकियन एथिक्स’ हा त्याचा दहा भागांचा ग्रंथ आजही नीतिशास्त्राच्या वर्गात पहिल्या काही आठवड्यांत समोर येतो.

वैद्याच्या घरात वाढल्याचं त्याच्या लिखाणात जाणवतं. चांगुलपणावरचं तत्त्वज्ञान ऐकून समाधान मानणारे लोक त्याला कशासारखे वाटतात? वैद्याचं म्हणणं मन लावून ऐकणाऱ्या आणि औषध मात्र न घेणाऱ्या रोग्यासारखे. सद्गुण म्हणजे काय हे नुसतं जाणून घेण्यासाठी हा खटाटोप नाही, आपण चांगले व्हावं म्हणून आहे, असं तो स्वच्छ सांगतो. रामदासांनी ज्याला पढतमूर्ख म्हटलं तो इसम अथेन्समध्येही होता तर.

गुण जन्मजात असतात की घडवावे लागतात?

घडवावे लागतात, पण घडण्याची क्षमता जन्मजात असते. दगड दहा हजार वेळा वर फेकला तरी त्याला वर जायची सवय लागत नाही, माणसाला लागते. घरं बांधून बांधून माणूस गवंडी होतो, तंतुवाद्य वाजवून वाजवून वादक होतो, आणि न्यायाने वागत वागत न्यायी होतो, असं ॲरिस्टॉटल म्हणतो. इथवर सगळ्यांना पटतं. पुढचं वाक्य लोक विसरतात: वाईट गवंडीसुद्धा घरं बांधूनच तयार होतो. सराव दोन्हीकडे नेतो. रोज थोडं थोडं टाळाटाळ करणारा माणूस काहीच करत नसतो असं नाही, तोही सरावच करत असतो.

आपल्याकडे ‘वळण लावणं’ म्हणतात ते हेच.

मनातून वाटत नसताना चांगलं वागणं हा दांभिकपणा नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि बहुतेक वेळा तो प्रामाणिक माणसंच विचारतात. आतून राग खदखदतोय आणि तोंडाने शांत बोलतोय, म्हणजे मी खोटाच की!

अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक, बेंजामिन फ्रँकलिन, याची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. तरुणपणी त्याने तेरा गुणांची यादी केली: मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग वगैरे. एका छोट्या वहीत प्रत्येक गुणाला एक पान, पानावर आठवड्याचे सात रकाने, आणि चूक झाली की त्या रकान्यात काळा ठिपका. दर आठवड्याला एका गुणाकडे खास लक्ष. तेरा आठवड्यांचं एक आवर्तन, वर्षाला चार. (व्यवस्थितपणाने त्याला सगळ्यात जास्त छळलं. कागदपत्रांचा पसारा त्याला शेवटपर्यंत आवरला नाही, हे वाचून अनेकांना बरं वाटेल.)

मूळ यादी बाराच गुणांची होती. एका क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) मित्राने सांगितलं की लोक तुला गर्विष्ठ समजतात, वादात तू समोरच्याला चिरडतोस. मग तेरावी आली नम्रता. आत्मचरित्रात तो कबूल करतो की खरी नम्रता काही फारशी जमली नाही, पण नम्रतेचा देखावा मात्र बऱ्यापैकी जमला. त्याने केलं एवढंच: ‘नक्कीच’, ‘निःसंशय’ असे शब्द बोलण्यातून काढून टाकले आणि ‘मला असं वाटतं’, ‘सध्या तरी असं दिसतं’ अशी वाक्यं सुरू केली. सुरुवातीला स्वभावाला मुरड घालावी लागली. पुढे हे इतकं अंगवळणी पडलं की त्याच्याच म्हणण्याप्रमाणे पुढच्या पन्नास वर्षांत त्याच्या तोंडून हेकट विधान कुणी ऐकलं नाही. आता सांगा, पन्नास वर्षं टिकलेल्या देखाव्याला देखावा म्हणायचं का?

दांभिक माणसाला फक्त दिसायचं असतं, शिकणाऱ्याला व्हायचं असतं. दोघांचं आजचं वागणं सारखं दिसू शकतं. कुणी बघत नसताना काय होतं, तिथे फरक कळतो.

गुण अंगी बाणला हे कधी ओळखायचं?

ते करताना जीव जड होणं थांबलं की. ॲरिस्टॉटलचा हा निकष मला त्याच्या सगळ्या विवेचनात अत्यंत उपयोगी वाटतो आणि थोडा बोचतोही. मोह आवरून बरोबर वागणारा माणूस त्याच्या लेखी संयमी असतो, पण अजून सद्गुणी नसतो. सद्गुणी माणसाला त्या मोहाची ओढच उरलेली नसते. दुकानदाराने चुकून शंभर रुपये जास्त परत दिले. एक जण दोन मिनिटं घुटमळतो आणि परत करतो, दुसरा सहज ‘अहो, जास्त आले’ म्हणून मोकळा होतो. आपल्याला कौतुक पहिल्याचं वाटतं, कारण त्याने झगडा दिला. ॲरिस्टॉटल दुसऱ्याच्या बाजूने आहे.

त्याने तीन अटी घातल्या आहेत: आपण काय करतोय ते कळत असावं, ते त्या कृतीसाठीच निवडलेलं असावं, आणि ते पक्क्या, न डळमळणाऱ्या स्वभावातून आलेलं असावं. तिसरी अट पूर्ण व्हायला वर्षं जातात.

‘सुवर्णमध्य’ म्हणजे प्रत्येक गोष्टीत थोडं इकडे, थोडं तिकडे असंच ना?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. दोघांच्या भांडणात पन्नास-पन्नास टक्के चूक वाटून देणारा सोसायटीचा सेक्रेटरी म्हणजे सुवर्णमध्य नव्हे. एकाने दुसऱ्याची पार्किंगची जागा बळकावली असेल, तर मध्य ‘अर्धी जागा तू वापर’ असा निघत नाही.

ॲरिस्टॉटलने मायलो या नावाजलेल्या मल्लाचं उदाहरण घेतलं. दहा माप अन्न फार आणि दोन माप कमी, म्हणून वस्ताद सगळ्यांना सहा माप देत नाही. मायलोला सहा कमी पडेल, नवशिक्याला तेच जास्त होईल. मध्य माणसागणिक आणि प्रसंगागणिक ठरतो. आपल्या पाककृतींत ‘मीठ चवीपुरतं’ लिहितात, तसं: आकडा दिलेला नसतो, पण चुकलं की पहिल्या घासाला कळतं.

त्याने मोजलेले गुण असे दोन दोषांच्या मधे बसतात. भित्रेपणा आणि आततायीपणा यांच्या मधे धैर्य. चिक्कूपणा आणि उधळेपणा यांच्या मधे औदार्य. स्वतःबद्दल बढाया मारणं आणि उगाच स्वतःला कमी लेखणं यांच्या मधे खरेपणा. विनोदबुद्धीसुद्धा त्याच्या यादीत आहे, एका टोकाला विदूषकी चाळे आणि दुसऱ्या टोकाला दगडासारखा चेहरा. रागालाही त्याने हद्दपार केलं नाही. योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य तितका वेळ रागावता येणं हा गुण आहे. ज्याला कधीच राग येत नाही, अन्याय बघूनही येत नाही, तो त्याच्या मते चुकतोय. ‘तो फार शांत आहे हो’ हे आपण सरसकट कौतुक म्हणून वापरतो, त्याचा इथे फेरविचार करायला हरकत नाही.

काही गोष्टींना मात्र मध्य नसतो. चोरी, खून, व्यभिचार, दुसऱ्याच्या वाईटावर आनंद मानणं हे ‘योग्य प्रमाणात’ करता येत नाही.

मग माझा मध्य मी शोधायचा कसा?

आपण कुठे कलतो ते आधी बघायचं आणि मुद्दाम उलट्या बाजूला झुकायचं. वाकलेलं लाकूड सरळ करताना जसं उलटं ओढतात तसं, ही उपमा त्याचीच. मराठी घरांत हा सल्ला विशेष लागू पडतो, कारण आपल्याकडे भिडस्तपणाला गुण समजायची रीत आहे. कुणाला नाही म्हणता येत नाही, उसने दिलेले पैसे मागता येत नाहीत, बैठकीत चूक दिसत असून बोलता येत नाही. आणि वर ‘स्वभाव फार चांगला’ अशी ख्याती. अशा माणसाने ‘नम्र व्हा’ हा उपदेश ऐकूच नये. त्याने काही महिने जरा फटकळ वाटेल इतकं स्पष्ट बोलून बघावं. तरीही तो मध्याच्या अलीकडेच राहील. जन्मजात फटकळ माणसाला औषध उलटं.

आणि एक: जे करायला आपल्याला फार गोड वाटतं तिथे आपला न्यायाधीश लाच खाऊन बसलेला असतो. तिथे दुप्पट सावध राहायचं.

नियम पाळले की पुरे नाही का?

नियम लागतातच. पण नियम लिहिणाऱ्याने तुमचा प्रसंग पाहिलेला नसतो. आजारी माणसाला किती सांगायचं, कधी सांगायचं, घरच्यांसमोर की एकट्याला, हे कुठल्या परिपत्रकात सापडेल? तिथे तारतम्य लागतं. ॲरिस्टॉटलच्या मते सगळे गुण या एका खुंटीवर टांगलेले आहेत. तरुण मुलगा गणितात पारंगत होऊ शकतो, पण तारतम्य त्याला लगेच येत नाही, कारण ते तपशिलांच्या अनुभवातून येतं आणि अनुभवाला वेळ लागतो.

मग हुशार माणसं वाईट का वागतात?

हुशारी म्हणजे ठरवलेल्या ठिकाणी पोचण्याचं कौशल्य. ठिकाण कुठलं असावं, हे हुशारी सांगत नाही. शिवाय कळतं पण वळत नाही हा प्रकार आहेच. त्यावर ॲरिस्टॉटलने एका भागाचा बराचसा हिस्सा खर्च केला. मोहाच्या क्षणी माणसाचं ज्ञान कसं असतं, तर दारूच्या अमलाखाली कवितेच्या ओळी घडाघडा म्हणणाऱ्यासारखं. शब्द बरोबर, भान नाही.

मानसशास्त्राने ‘स्वभाव’ नावाची गोष्ट खोटी ठरवली आहे म्हणतात. खरं का?

खोटी ठरवली नाही, पण चांगलाच धक्का दिला आहे, आणि सद्गुणांवर बोलणाऱ्याने तो लपवू नये.

१९२८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेत हार्टशॉर्न आणि मे यांनी हजारो शाळकरी मुलांचा प्रामाणिकपणा निरनिराळ्या प्रसंगांत तपासला. परीक्षेत कॉपी करणारं मूल खेळातही फसवेल असा अंदाज बांधावा, तर तो फारसा लागू पडेना. मुलं ‘प्रामाणिक’ आणि ‘अप्रामाणिक’ अशा दोन रांगांत उभी राहायला तयार नव्हती.

१९७३ चा डार्ली आणि बॅट्सन यांचा प्रयोग तर गाजलाच. प्रिन्स्टनमधल्या धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे छोटं भाषण द्यायला पाठवलं. काहींच्या भाषणाचा विषय होता बायबलमधली भल्या शोमरोनीची गोष्ट, म्हणजे वाटेत पडलेल्या जखमी अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याची. वाटेत दारापाशी एक माणूस खोकत, कण्हत पडलेला; तो प्रयोगातलाच. ज्यांना ‘भरपूर वेळ आहे’ असं सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ सांगितलं त्यांच्यातले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय काय होता याने लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे भल्या शोमरोनीवर बोलायला निघालेला माणूस घाईत त्या पडलेल्या माणसाच्या बाजूने निघून जाऊ शकतो.

यावरून काही तत्त्वज्ञांनी निष्कर्ष काढला की पक्का स्वभाव असं काही नसतंच, असतो तो प्रसंग. मला ते टोकाचं वाटतं. ॲरिस्टॉटलने कधीच म्हटलं नव्हतं की बहुतेक लोक सद्गुणी असतात; पक्का गुण दुर्मीळच असतो असं तो धरून चालतो. घाईतही १० टक्के थांबले, ते कोण होते हाही प्रश्न आहेच.

पण धडा घ्यायचा तो घ्यावा. नुसत्या मनोनिग्रहावर विसंबण्यापेक्षा आपलं आयुष्य असं मांडावं की बरोबर वागणं सोपं जाईल. दोन मीटिंगांच्या मधे श्वास घ्यायलाही जागा न ठेवणारा माणूस कितीही दयाळू असो, त्याची दया कॅलेंडरने आधीच कापून टाकलेली असते. ज्या ऑफिसात खोटी बिलं लावणं ही रीत आहे तिथे एकट्याच्या सचोटीची रोज झीज होते. नोकरी बदलणं ही तिथे नैतिक कृती असू शकते. रात्री अकरानंतर रागाचा मेसेज पाठवायचा नाही, असं ठरवून फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं हे कमकुवतपणाचं लक्षण नाही, अक्कल आहे. गुण घडवण्याचं निम्मं काम प्रसंग निवडण्यात असतं, हे माझं मत या पानावरच्या बाकी सगळ्या मतांपेक्षा पक्कं आहे.

मुलांना सद्गुण कसे शिकवायचे?

तास ठेवून शिकवता येत नाहीत. ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ असं फोन देताना कुजबुजलेलं एक वाक्य मूल्यशिक्षणाच्या वर्षभराच्या तासिका खाऊन टाकतं. मुलं वळण उचलतात ते घरातल्या मोठ्यांचं कामवालीशी, रिक्षावाल्याशी, सासूशी बोलणं ऐकून.

ॲरिस्टॉटलचा इथला मुद्दा वेगळा आणि बारीक आहे: मुलाला कशाचा आनंद होतो आणि कशाचा त्रास, हे लहानपणीच घडतं. वाटून खाल्ल्याचं बक्षीस म्हणून चॉकलेट दिलं तर गोडी चॉकलेटची लागते. वाटून खाल्लेल्या दुपारची मजा मुलाला स्वतःहून कळू द्यावी. लाज वाटणं हा त्याच्या मते गुण नव्हे, पण लहान वयात उपयोगी पडणारी गोष्ट आहे. तरुणाने चुकल्यावर लाजणं चांगलं, पन्नाशीच्या माणसाने लाजण्यासारखं काही करूच नये.

चाळिशीनंतर स्वभाव बदलतो का?

ॲरिस्टॉटल निराशावादी आहे: हातातून सुटलेला दगड परत बोलावता येत नाही, जरी फेकणं आपल्या हातात होतं. मी इतका कडक होणार नाही. दारू सुटलेली, कर्ज फेडलेली, तुटलेला भाऊ परत जोडलेली माणसं प्रत्येकाच्या नात्यागोत्यात सापडतील. फक्त त्यांतला क्वचितच कुणी एकट्याने बदललेला असतो.

म्हणजे मित्रांचा इतका वाटा असतो?

दहा भागांच्या ग्रंथातले दोन पूर्ण भाग मैत्रीवर आहेत, न्यायाला एक. यावरून काय ते समजा. मैत्री तीन प्रकारची: कामापुरती, मजेपुरती, आणि एकमेकांच्या चांगुलपणावर उभी असलेली. पहिल्या दोन वाईट नाहीत, फक्त काम किंवा मजा संपली की त्या संपतात. तिसरी सावकाश जुळते आणि थोड्यांशीच जुळते. अशा मित्राच्या संगतीत आपलं वागणं आपल्याला दिसतं, जे एकट्याने आरशात बघून दिसत नाही. सगळ्या बाबतीत ‘बरोबर आहे रे तुझं’ म्हणणारा मित्र या प्रकारात मोडत नाही.

चांगल्या माणसाचं शेवटी चांगलंच होतं का?

दरवेळी नाही. ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम ॲरिस्टॉटलच्या डोळ्यांसमोर होता: आयुष्यभर वैभव, आणि उतारवयात मुलं, राज्य, सगळं गेलं. त्याला कुणी सुखी म्हणणार नाही, हे ॲरिस्टॉटल मान्य करतो. तब्येत, थोडा पैसा, माणसं, नशीब हे सगळं चांगल्या आयुष्याला लागतं. पुढचं त्याचं म्हणणं असं की चांगला चांभार हाती आलेल्या कातड्यातून होईल तितका चांगला जोडा शिवतो, तसा सद्गुणी माणूस आलेल्या परिस्थितीतून होईल तितकं चांगलं वागतो, आणि तो कधी पुरता दीन होत नाही. ‘चांगलं वागा, देव भलं करेल’ यापेक्षा मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

आपल्या परंपरेत हे नाही का?

आहे की, आणि भरपूर आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे सव्वीस गुण येतात. पहिलं अभय, शेवटी निरभिमान. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांत विनोबांनी या क्रमाकडे लक्ष वेधलं: गुणांच्या फौजेत आघाडीला अभय आणि पिछाडीला नम्रता. भीती असली तर कुठलाच गुण वाढत नाही, आणि नम्रता नसली तर मिळवलेले गुणच गर्व होऊन मागून घात करतात. फ्रँकलिननेही म्हटलं होतं की गर्व पुरता जिंकला तर त्या नम्रतेचाच गर्व होईल.

बौद्ध परंपरेत दान, शील, वीर्य, सत्य, मैत्री अशा दहा पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला न्यायचे गुण, आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये या पारमितांचं पालन ही एक आहे. तिथे गुणसाधना ही एकट्याच्या मोक्षाची बाब न राहता माणुसकी नाकारली गेलेल्या लाखोंची सामुदायिक शपथ झाली. ॲरिस्टॉटलला हे सुचलं नसतं. का, ते पुढच्या उत्तरात.

ज्याने गुलामगिरीचं समर्थन केलं त्याच्याकडून नीती कशाला शिकायची?

प्रश्न रास्त आहे. काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात असं त्याने लिहिलं, स्त्रियांना त्याने खालचं स्थान दिलं, आणि हाताने राबणाऱ्याला सद्गुण साधायला फुरसत कुठली, असंही त्याला वाटे. गवंडी आणि चांभार उदाहरणापुरते चालले, नागरिक म्हणून नकोत. याला ‘काळच तसा होता’ हे उत्तर पुरत नाही, कारण गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे म्हणणारे लोक त्याच्या काळातही होते. त्याने स्वतःच त्यांच्या मताची नोंद केली आहे.

त्याच्याच सिद्धांताने त्याचं अपयश समजतं. सवयीने डोळा घडतो, आणि चुकीच्या समाजात तो चुकीचाच घडतो. फ्रँकलिनच्या घरीही गुलाम होते. तेरा गुणांच्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता. म्हातारपणी मात्र तो पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि १७९० मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, त्याच्या सहीचा अर्ज अमेरिकी काँग्रेसपुढे गेला. आपल्या वहीत कुठला रकाना नाही, हे आपल्याला बाहेरच्यांनी सांगितल्याशिवाय कळत नाही. बहुतेक वेळा ते सांगणारा आपल्या पायाखाली असतो, म्हणून ऐकू येत नाही.

मूळ ग्रंथ वाचायचा तर कुठून सुरुवात करू?

दुसऱ्या भागापासून. सवय आणि मध्य यांचं विवेचन तिथे आहे, आणि ते दोन बैठकींत वाचून होतं. मग थेट आठवा आणि नववा, मैत्रीचे. त्यानंतर पहिला भाग घ्या, पण त्यातलं सहावं प्रकरण खुशाल सोडा, ते प्लेटोशी घातलेलं घरगुती भांडण आहे. पाचवा, न्यायावरचा, सगळ्यात रुक्ष. पेन्सिल घेऊन बसावं लागतं. सुखाची चर्चा सातव्या आणि दहाव्या अशा दोन भागांत आली आहे आणि दोन्ही ठिकाणी सूर जरा वेगळा लागतो. गोंधळलात तर दोष तुमचा नाही. हा ग्रंथ छापण्यासाठी घासूनपुसून लिहिलेला नसून व्याख्यानांच्या टिपणांसारखा आहे.